तीसची पाटी आणि बारा मीटरचा रस्ता

पुण्यात सहकारनगरच्या चढावर किंवा बाणेरच्या नव्या कोऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर मोटार किती वेगाने नेली की वेगमर्यादा मोडली जाते? त्या रस्त्यासाठी वेगळी अधिसूचना आणि पाटी नसेल तर उत्तर ऐकून बहुतेक जण दचकतात. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी मोटारीला ताशी ७०, दुचाकीला ६० आणि रिक्षाला ५० किलोमीटर अशी कमाल मर्यादा आहे. म्हणजे एका बाजूला सोसायटीचं फाटक, शेजारी इस्त्रीवाल्याची टपरी, समोर बालवाडी, आणि मधून ६५ ने गेलेली गाडी वेगमर्यादेच्या कलमात सापडत नाही. धोकादायक चालवण्याचं कलम १८४ आहे, पण तिथे धोका सिद्ध करावा लागतो. वेगाचं कलम १८३ मात्र नुसत्या आकड्यावर चालतं, आणि तो आकडा ७० आहे.

आता दुसरा आकडा बघा. आपल्याकडे रस्ते आखणारे इंजिनिअर इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे आयआरसीची मानकं वापरतात. शहरी रस्त्यांच्या आखणीचं आयआरसी:८६ हे मानक १९८३ सालचं. त्यात मुख्य रस्त्यासाठी ८०, उपमुख्य रस्त्यासाठी ६०, वस्तीतली वाहतूक गोळा करून मोठ्या रस्त्यापर्यंत नेणाऱ्या कलेक्टर रस्त्यासाठी ५० आणि घरांसमोरच्या स्थानिक रस्त्यासाठी ३० असा रचनावेग, म्हणजे ज्या वेगासाठी रस्ता आखायचा तो वेग, धरला होता. निवासी रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आणावी म्हटलं की ‘तीसचं खूळ युरोपातून आलंय’ म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक उघडून बघावं. घरासमोरचा रस्ता तीसचा, हे आपल्याच इंजिनिअरांनी चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. कायद्याचा आकडा तिथपर्यंत खाली आलाच नाही, आणि प्रत्यक्ष बांधलेला रस्ता तर दोघांनाही जुमानत नाही.

निवासी रस्त्यांची मर्यादा खाली आणायची का, या वादात लोक ३० की ४० यावरच हमरीतुमरीवर येतात. खरा तिढा त्या आकड्यात नाही. ‘निवासी रस्ता’ म्हणायचं कशाला, यात आहे. हे नीट न ठरवता कायदा केला तर काय होतं ते वेल्सने दाखवून दिलंय.

वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून ‘रिस्ट्रिक्टेड’ रस्त्यांची मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० वर आली. आपल्या हिशेबात ४८ वरून ३२ किलोमीटर. रिस्ट्रिक्टेड रस्ता म्हणजे ढोबळमानाने ज्यावर २०० यार्डांच्या आत-आत दिव्यांचे खांब आहेत तो. व्याख्या कारकुनाच्या सोयीची, पण दिवे जसे गल्लीत असतात तसे गावाच्या मधून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरही असतात. त्यामुळे ज्या रस्त्यावर घरं तुरळक आणि बसगाड्या भरपूर, तोही जाळ्यात आला. अपवाद करायचा अधिकार स्थानिक कौन्सिलांना होता, पण बऱ्याच ठिकाणी तो हात आखडून वापरला गेला. विरोधाच्या अर्जावर सुमारे ४ लाख ७० हजार सह्या झाल्या. तिथल्या संसदेकडे एवढ्या सह्यांचा अर्ज त्याआधी कधी आलेला नव्हता. सरकारच्याच कागदपत्रांत प्रवासाच्या वाढीव वेळेची किंमत तीस वर्षांत साडेचार अब्ज पौंड मांडलेली होती. विरोधकांनी नेमका तोच आकडा उचलला. २०२४ च्या जुलैत मार्गदर्शक सूचना सुधारून काही रस्ते परत ३० मैलांवर न्यायची वाट मोकळी करून दिली गेली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण व्हॉट्सअॅपवर फक्त पहिलीच फिरते. मर्यादा दहा मैलांनी उतरली, प्रत्यक्ष सरासरी वेग त्याच्या निम्म्यानेही उतरला नाही, आणि तरीही पहिल्या वर्षात २० आणि ३० मैलांच्या रस्त्यांवरचे जखमी-मृत मिळून साधारण चौथ्या हिश्शाने घटले. म्हणजे उपाय चालला, पण त्याची चौकट चुकली आणि राजकीय किंमत चौकटीपायी मोजावी लागली.

स्पेनने ११ मे २०२१ पासून हेच काम जास्त हुशारीने केलं. त्यांनी वस्ती, दिवे, शाळा या भानगडीत न पडता रस्त्याचा आकारच धरला. दोन्ही दिशांना एकेकच लेन असेल तर ३०. रस्ता आणि फूटपाथ एकाच पातळीवर असतील तर २०. एका दिशेला दोन किंवा जास्त लेन असतील तर ५०. पाटी नसली तरी चालकाला समोर बघून मर्यादा कळते. पुण्यासाठी नक्कल करायचीच तर या व्याख्येची करावी.

आणि उलट फिरलेलं चाकही आहे. न्यूझीलंडमध्ये आधीच्या सरकारने खाली आणलेल्या मर्यादा नव्या सरकारने २०२४ च्या नियमाने फिरवल्या. २०२५ च्या १ जुलैपर्यंत असे कित्येक रस्ते ३० वरून परत ५० वर गेले. शाळांजवळ मात्र मुलं येण्या-जाण्याच्या वेळेपुरती कमी मर्यादा राहिली. एका निवडणुकीत आलेली पाटी पुढच्या निवडणुकीत उतरू शकते, हे ध्यानात ठेवून कामाला लागलेलं बरं.

भारतात हे कुठे झालंच नाही असंही नाही. दिल्लीच्या वाहतूक पोलिसांनी जून २०२१ मध्ये निवासी भागातले लहान रस्ते, बाजारपेठा आणि सर्व्हिस रोड यांवर सगळ्या वाहनांना ३० ची मर्यादा जाहीर केली. चेन्नईने नोव्हेंबर २०२३ मध्ये निवासी भागांसाठी तेच केलं. दोन्हीकडे आदेश निघाला. मात्र त्याच्याबरोबर रस्त्याचा आकार बदलला नाही, तर असा आदेश फाइलीतच मुक्काम करतो.

पुण्यात व्याख्या कशी करावी? इथे रस्ता ओळखला जातो डीपीतल्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रुंदीवरून. नऊ मीटरचा, बारा मीटरचा, अठरा, चोवीस. सदाशिव पेठेत किंवा कसब्यात तीसची पाटी लावणं म्हणजे मारुतीला शेंदूर लावा सांगण्यासारखं आहे. तिथे वीसच्या वर जायला जागाच नाही. नऊ मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या की उरलेल्या पट्ट्यात कुणी सुसाट जात नाही. दुखणं आहे बारा ते अठरा मीटरच्या रस्त्यांत. जुना डांबरी खड्ड्यांचा रस्ता उखडून गुळगुळीत काँक्रीट झालं, गाड्या लावायला मनाई केली, शेजारचा मोठा रस्ता तुंबायला लागला, आणि नकाशाच्या अॅपने ‘चार मिनिटं वाचतील’ म्हणून सगळ्यांना आत वळवलं, की रात्री दहानंतर त्या रस्त्याची धावपट्टी होते. बावधन, बाणेर, खराडी, उंड्री, धायरी, कुठेही जा, हीच तऱ्हा. त्यात पाण्याचे टँकर. फेऱ्यांवर पैसे मिळतात, त्यामुळे रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा जोरात धावतो.

म्हणून पुण्यापुरती व्याख्या अशी करता येईल: दुभाजक नसलेला, दोन्ही बाजूंना घरांची फाटकं थेट रस्त्यावर उघडणारा, अठरा मीटर किंवा कमी रुंदीचा रस्ता. दुभाजक असलेला रस्ता बाहेर. पीएमपीएमएलच्या बसचा मार्ग असेल तर त्या रस्त्याचा विचार वेगळा. पौड रस्ता, सिंहगड रस्ता, गणेशखिंड रस्ता या व्याख्येत येतच नाहीत. हे पहिल्याच वाक्यात सांगितलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो, कारण लोकांना भीती असते ती रोजच्या ऑफिसच्या वाटेची.

नवले पुलावरच्या अपघातांचा विषयही यात आणू नये. तो उताराचा महामार्ग आहे, जड वाहनांच्या ब्रेकचा प्रश्न आहे. तिथली मर्यादा आणि घरासमोरची मर्यादा एकाच चर्चेत कोंबली की दोन्हींचा विचका होतो. तसंच कल्याणीनगरचं. १९ मे २०२४ च्या पहाटे तिथे भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, त्यानंतर शहरात वेगावर बोलणं वाढलं. पण बेफाम गाडीला पाटी अडवत नसते. तीसची मर्यादा असते ती रोज ४५ ने जाणाऱ्या, स्वतःला नियमाने वागणारा समजणाऱ्या सभ्य माणसासाठी. वस्तीतल्या रस्त्यावर संख्येने तोच जास्त.

त्या सभ्य माणसाला पुढचं गणित दाखवावं. कोरडा रस्ता, बरे टायर, चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, आणि ब्रेकने दर सेकंदाला सात मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो असं धरू. ३० ने येणारी मोटार त्या दीड सेकंदात साडेबारा मीटर जाते, पुढच्या पाच मीटरमध्ये थांबते. एकूण साडेसतरा मीटर. ५० ने येणारी मोटार नुसत्या दीड सेकंदातच जवळजवळ २१ मीटर गेलेली असते. म्हणजे उभ्या टेम्पोच्या आडून कुणी १८ मीटरवर रस्त्यात उतरलं, तर तीसची गाडी थांबते, आणि पन्नासच्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती पूर्ण ५० नेच आदळते. चाळीसची गाडी त्याच जागी ३७ च्या आसपास असते. ‘चाळीस म्हणजे मधला मार्ग’ हे वाक्य इथे उताणं पडतं. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल-धुळीचा चिखल झालेला असताना, ब्रेकचं अंतर दीडपटीच्या पुढे जातं.

धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ५० ची धडक ३० च्या जवळपास पावणेतीन पट. पादचारी दगावण्याची टक्केवारी मात्र पोस्टरवर लिहू नये. अभ्यासागणिक ती बदलते, आणि समोरचा माणूस मूळ मुद्दा सोडून टक्केवारीवरच वाद घालत बसतो.

आता वेळेचं. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर धरा. सरळ ५० ने ३६ सेकंद, ३० ने ६० सेकंद. फरक २४ सेकंदांचा, तोही मधे वळण, गतिरोधक, गाय, काहीच न आल्यास. वाहतुकीची माहिती गोळा करणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागले. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. आपली वेळ सिग्नलला, वळणाला आणि दुहेरी लावलेल्या गाड्यांपाशी जाते. गल्लीत हाणून ती परत मिळत नाही, फक्त पुढच्या सिग्नलला आधी पोचून जास्त वेळ उभं राहता येतं. प्रदूषण वाढेल हा आक्षेप तर फारसा टिकत नाही. धूर निघतो तो दर शंभर मीटरला ब्रेक दाबून परत रेस केल्याने.

एक आक्षेप मात्र मनावर घ्यावा असा आहे: ‘पोलिसांना गाड्या अडवायला आणखी एक कोपरा मिळेल.’ पुणेकराच्या तोंडून हा हमखास येतो आणि तो उगाच नसतो. कलम १८३ खाली हलक्या वाहनाला एक ते दोन हजार दंड आहे. बारा मीटरच्या रस्त्यावर, पाटी झाडाआड, आणि कोपऱ्यावर गणवेश, हे चित्र उभं राहिलं की योजना बदनाम झालीच. म्हणून दंड सगळ्यात शेवटी. कॅमेऱ्याने पकडायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि पुढे कॅमेरा असल्याची पाटी लावावी लागते. स्पीडगनची इंटरसेप्टर गाडी गल्लीत उभी करून तर काही साधत नाही, पाच मिनिटांत अख्ख्या परिसराला खबर लागते.

कागदाचं काम कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नागरिकांचे बहुतेक अर्ज इथेच अडखळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२(२) खाली राज्य शासन, किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी कमी मर्यादा ठरवू शकतो. ती एखाद्या रस्त्यापुरती ठरवता येते, तशीच एखाद्या भागापुरतीही. यासाठी दोन गोष्टी लागतात, राजपत्रात अधिसूचना आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी पाट्या. दोन्हींपैकी एक नसेल तर दुसरीला अर्थ नाही. सोसायटीने स्वखर्चाने लावलेली ‘वाहने सावकाश चालवा’ ही पाटी सद्भावना आहे, मर्यादा नव्हे. तिच्यावर दंड होत नाही. आणि अधिसूचना निघून पाट्याच लागल्या नाहीत तर चालकाने ती ओळखायची कशावरून?

यातूनच कळतं की स्पेनसारखी ‘पाटी नसली तरी तीस’ ही सोय आपल्याकडे शहराच्या पातळीवर नाही. ती हवी असेल तर केंद्राची कमाल मर्यादाच बदलावी लागेल. शहराच्या हातात आहे ते भाग ठरवणं आणि त्या भागाच्या तोंडांवर, म्हणजे आत शिरायच्या वाटांवर, पाट्या लावणं.

अर्ज करायचा तो पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा यांच्याकडे, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला आणि महापालिकेच्या पथ विभागाला. पुण्यातले एकेरी वाहतूक, नो पार्किंग वगैरेंचे आदेश गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेच्या आधारे निघतात, आधी तात्पुरते, मग हरकती-सूचना मागवून कायम. त्याच धाटणीने मागणी मांडली की फाइल ओळखीची वाटते. अर्जात ‘खूप वेगाने गाड्या जातात’ असं लिहू नये. असे अर्ज ढिगाने येतात. भागाचा नकाशा, त्याची तोंडं मोजून, प्रत्येक रस्त्याची रुंदी, शाळा-दवाखाना-उद्यानाची फाटकं, बसचा मार्ग आहे की नाही, आणि मोजलेला वेग जोडावा.

पाट्यांचा हिशेब सोपा आहे. भागाला आठ तोंडं असतील तर प्रत्येक तोंडाला दोन्ही बाजूंना एकेक असे एकूण सोळा खांब. खांबाच्या एका अंगाला तीसची गोल पाटी: लाल कडं, पांढरी जमीन, काळे आकडे, व्यास ६०० मिलिमीटर. दुसऱ्या अंगाला मर्यादा संपल्याची. आतमध्ये लांब सरळ रस्त्यावर एखादी आठवणीची. चूक कुठे होते? पाटी वळणाच्या अगदी तोंडावर लागते. तिथे चालकाची नजर येणाऱ्या गाडीवर असते, पाटीवर नसते. ती १०–१५ मीटर आत घ्यावी. गुलमोहराची फांदी जुलैपर्यंत तिला गिळते. वाढदिवसाचा फ्लेक्स तिच्यावर चढतो. आणि ‘सौजन्याने’ म्हणून खाली नाव टाकायचा मोह आवरावा. नावासकट लावलेली पाटी वाहतुकीची राहत नाही, पक्षाची होते, आणि पाच वर्षांनी उतरते.

पाट्यांनी वेग थोडाच कमी होतो, बाकीचं काम रस्त्याच्या आकाराने करायचं असतं. पुण्यात त्यासाठी एकच हत्यार लोकांना ठाऊक आहे, ते म्हणजे गतिरोधक. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, तेव्हाही त्याची मागणी थांबली नव्हती. नगरसेवकाच्या कार्यअहवालात गतिरोधकाचा फोटो छापून येतो, अधिसूचनेचा फोटो कोण छापणार!

मानकातला गतिरोधक आणि आपल्या नाक्यावरचा उंचवटा यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आयआरसी:९९ प्रमाणे गोलाकार गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच, वक्राची त्रिज्या १७ मीटर. हा ताशी २५ ने अलगद ओलांडता येतो. कडेपासून साधारण ९२ सेंटिमीटर आत त्याची उंची साडेसात सेंटिमीटर भरली पाहिजे. दोन्ही कडांवर सारख्या उंचीच्या विटा ठेवून दोरी ताणा, पट्टीने तीन ठिकाणी मोजा, पाच मिनिटांत खरा-खोटा कळतो. आपल्याकडचा बहुधा मीटरभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच निघतो. कारण साधं आहे: डांबरीकरणाच्या शेवटी उरलेला माल फावड्याने ओढून ठेवतात आणि वर टेम्पो फिरवतात. लाकडी फर्मा वापरला जात नाही, रोलर आडवा फिरत नाही. असा उंचवटा पाचच्या वेगालाही दणका देतो आणि मोठ्या टायरची एसयूव्ही चाळीसला उडवत नेली तर कमीच जाणवतो. शिक्षा होते ती रिक्षातल्या आजोबांना, गरोदर बाईला, रुग्णवाहिकेला.

आणखी दोन दोष ठरलेले. पाणी जायला गटाराच्या बाजूने हातभर मोकळी जागा सोडतात, सगळ्या दुचाक्या तिथूनच निसटतात, नेमक्या फूटपाथला चिकटून. तिथे ठोकळे किंवा फूटपाथची कड पुढे घ्यावी लागते. दुसरा, पावसाचं पाणी चढत्या बाजूला अडून डांबर सुटतं आणि ऑगस्टपर्यंत गतिरोधकाच्या पायथ्याशी खड्डा तयार. गतिरोधकांची मालिका करायची तर दोहोंत १००–१२० मीटर अंतर ठेवायला सांगितलंय. त्याहून लांब असतील तर मधल्या पट्ट्यात गाड्या परत वेग घेतात. चाळीस मीटर आधी सूचनेची पाटी आणि वर रंग हवाच. पांढऱ्या जाड पट्ट्यांचे रंबलर वस्तीत लावूच नयेत. रात्रभर खडखडाट ऐकून तेच रहिवासी महिन्याभरात काढायचा अर्ज देतात. बोल्टचे रबरी गतिरोधक वर्षभरात सुटतात आणि उरलेले खिळे टायरमध्ये जातात.

गतिरोधकापेक्षा स्वस्त आणि बिनआवाजी गोष्ट म्हणजे कोपरा. अंतर्गत रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथली फूटपाथची गोलाई नऊ-दहा मीटर त्रिज्येची असेल तर गाडी वेग न उतरवता आत वळते. तीच तीन-चार मीटरवर आणली की वळायला पंधरावर यावंच लागतं, आणि पायी ओलांडायचं अंतरही कमी होतं. कचऱ्याचा ट्रक आणि अग्निशमनची गाडी वळते का, हे आधी पांढरी रेघ आणि कोन ठेवून बघावं, मग काँक्रीट ओतावं.

दुसरी गोष्ट पार्किंगची. पी-१, पी-२ ची सम-विषम पद्धत, म्हणजे तारखेप्रमाणे आज एका बाजूला आणि उद्या दुसऱ्या बाजूला गाड्या लावणं, पुण्याच्या अंगवळणी पडलेली आहे. तिच्याऐवजी तीस-चाळीस मीटरचा तुकडा डावीकडे, पुढचा उजवीकडे अशी कायमची आखणी केली तर सरळ रस्ता नागमोडी होतो. मधला वाहता पट्टा साडेतीन मीटरपेक्षा कमी होऊ देऊ नये. तुकड्याच्या टोकाला कुंडी किंवा बोलार्ड (बुटका खांब) नसेल तर मात्र दुपारी गाड्या नसताना रस्ता पुन्हा सरळ होतो. शाळेसमोर फूटपाथच्या पातळीला उचललेलं सपाट क्रॉसिंग सगळ्यात चांगलं, पण चढाच्या बाजूला पाण्याची जाळी नसेल तर पहिल्याच पावसात तळं साचतं आणि दोष क्रॉसिंगला येतो.

आता मोजणी, जी कुणालाही करता येते. सरळ तुकडा निवडा, गतिरोधक किंवा वळणापासून किमान पन्नास मीटर लांब. टेपने ५० मीटर मोजून दोन खुणा करा. सिमेंटच्या रस्त्याला खडूही लागत नाही, आडवे जॉइंट असतातच, फक्त अंतर टेपने मोजून घ्या. पॅनेल सारखी असतील असं गृहीत धरू नका. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मोबाइलने चित्रण करा. रस्त्यात उभं राहिलं की लोक बघून हळू होतात आणि मोजणी खोटी ठरते. पुढचं चाक पहिल्या खुणेवर आल्यापासून दुसरीवर येईपर्यंत फ्रेम मोजा. चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं असेल तर ५४०० ला फ्रेमच्या संख्येने भागा, ताशी किलोमीटर मिळतात. १८० फ्रेम म्हणजे ३०, १३५ म्हणजे ४०, १०८ म्हणजे ५०. मूळ फाइलच वापरा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फाइलीतल्या फ्रेमचा भरवसा नाही. नंबरप्लेट कुणाला पाठवू नका, आपल्याला माणूस पकडायचा नाही, वेग मोजायचा आहे.

फक्त मोकळी वाहनं धरा, म्हणजे ज्यांच्या पुढे चार-पाच सेकंदांत दुसरं वाहन नाही अशी. शंभर झाली की वेग चढत्या क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीव्या जागेवरचा आकडा बघा. इंजिनिअर हाच आकडा विचारतो. दुचाकी, मोटार, टेम्पो-टँकर यांच्या याद्या वेगळ्या. वेळा दोन: दुपारी दोन ते चार आणि रात्री दहा ते अकरा. गुरुवार टाळा, त्या दिवशी पाणी बंद असलं की टँकरची गर्दी नेहमीची राहत नाही.

पंच्याऐंशीवा आकडा ३५ च्या आत आला तर पाट्या पुरतील. ३५ ते ४५ असेल तर कोपरे आणि पार्किंगची आखणी हवी. त्याच्या वर गेला तर नुसती पाटी लावू नका. जिला कुणीच मानत नाही अशी पाटी शेजारच्या भागातल्या पाटीचीही पत घालवते.

शेवटी कलम ११२ मधली एक पळवाट, जी चांगल्या कामाला वापरता येते. मर्यादा एक महिन्यापेक्षा जास्त ठेवायची नसेल तर राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. म्हणजे अठ्ठावीस दिवसांचा प्रयोग कमी कागदांत होऊ शकतो. दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्या की नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ बरा: पाऊस नाही, मांडव नाहीत, परीक्षा लांब. एक भाग, आठ तोंडं, सोळा खांब, दोन कोपऱ्यांवर प्लास्टिकचे कोन ठेवून घट्ट केलेलं वळण. आधीच्या आठवड्यात एकदा मोजणी, पहिल्या आठवड्याच्या शेवटी दुसरी, चौथ्याच्या शेवटी तिसरी. पहिल्या आठवड्यातली घट नवलाईची असते, चौथ्यातली खरी. तिन्ही आकडे एका पानावर घेऊन प्रभागातल्या चारही नगरसेवकांकडे एकाच दिवशी जावं. एकाकडे आधी गेलं की उरलेले तिघे विरोधात जातात.